४२९४९६७२९५ : ह्या आकड्यात एवढं काय दडलंय?

खातेवही :
मंडळी, गणितवाल्यांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. भाचा डिप्लोमाला आहे, सुट्टीत आमच्याकडे आलाय आणि दिवसभर लॅपटॉपवर सी भाषेचे प्रोग्रॅम कुटत बसतो. काल त्याने मशीनला उणे एक छापायला सांगितलं तर स्क्रीनवर ४२९४९६७२९५ आलं. तो म्हणे मामा हे नॉर्मल आहे, परसेंट डी च्या जागी परसेंट यू टाकलं की असंच येतं. माझी आख्खी हयात खतावण्या जुळवण्यात गेली, एक रुपया येणं असलेल्या पार्टीच्या खात्यावर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव जमा दिसले तर मला झोप लागेल का?

मग कागद घेऊन अवयव पाडत बसलो. शेवटी ५ आहे म्हणजे ५ ने जाणार, अंकांची बेरीज ५७ म्हणजे ३ ने जाणार. १५ ने भागल्यावर उरले २८६३३११५३, त्याला १७ ने पूर्ण भाग गेला, उरले १६८४३००९. तिथे हात टेकले आणि मोबाईलला विचारलं, तर २५७ गुणिले ६५५३७. आता हे पाच आकडे एका ओळीत लिहून बघा : ३, ५, १७, २५७, ६५५३७. प्रत्येकातून एक वजा करा : २, ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येक पुढचा आकडा मागच्याचा वर्ग! हा योगायोग आहे का ह्यामागे काही शास्त्र आहे? आणि ह्या आकड्याची अजून काही खासियत असेल तर तीही सांगा.

बिट_बिघडलाय :
भाचा बरोबर बोलतोय. ३२ खणांची पट्टी आहे, प्रत्येक खणात ० किंवा १. स्कूटरचा मीटर ००००० वर असताना उलटा एक घर फिरवला तर ९९९९९ दिसेल ना, तसंच इथे सगळे खण १ होतात. बत्तीस वेळा १ म्हणजे २^३२ (२ चा बत्तिसावा घात) − १, म्हणजे तुमचा आकडा. मशीनच्या दृष्टीने उणे एक आणि हा आकडा एकच, तुम्ही त्याच्याकडे कुठल्या चष्म्यातून बघता एवढाच फरक. परसेंट डी हा उणे-अधिक दोन्ही दाखवणारा चष्मा आणि परसेंट यू उणे न दाखवणारा.

चहाकट :
म्हणजे बँकेत बॅलन्स ० असताना एक रुपया काढायचा आणि परसेंट यू वाल्या एटीएमला जायचं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_फळा :
खातेवहीसाहेब, तुम्ही पेन घेऊन अवयव पाडलेत ह्याबद्दल आधी शाबासकी. आजकाल पोरं १२ चे पण मोबाईलवर पाडतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवीच्या पुस्तकात आहे. क² − १ = (क − १)(क + १). आता क च्या जागी ६५५३६ ठेवा. ६५५३६ चा वर्ग २^३२, म्हणून तुमचा आकडा = ६५५३५ × ६५५३७. मग ६५५३५ ला तेच सूत्र, कारण ६५५३६ हा २५६ चा वर्ग : २५५ × २५७. मग २५५ = १५ × १७, १५ = ३ × ५. जिना उतरत जायचं, प्रत्येक पायरीवर एक अवयव सुटून येतो. वर्गांची माळ आपोआप आली, त्यात योगायोग काही नाही.

उगाच_शंका :
मग संपलं की. सूत्र आहे, आकडा त्यातून पडतो. २ च्या घातातून १ वजा केलेल्या कुठल्याही आकड्यात असलं काहीतरी निघेल. ह्यात ४२९४९६७२९५ चं कौतुक कशासाठी? असल्या धाग्यांत नेहमी हेच होतं, कोणीतरी आकडा आणतो, बाकीचे त्याला हार घालतात.

लाइनेकाठची :
शंका, एक गोष्ट निसटली. सूत्र फक्त एवढंच सांगतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे अवयव आहेत. हे पाचही मूळ संख्या आहेत हे सूत्र सांगत नाही! खरी गंमत तिथे आहे.

फेर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटलं की ही माळ कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळत राहतील. पुढचा मणी म्हणजे २^३२ + १ = ४२९४९६७२९७, आपल्या आकड्याच्या दोन घरं पुढे. तो मूळ आहे का हे जवळजवळ शंभर वर्षं कोणाला सांगता आलं नाही. १७३२ मध्ये ऑयलर ह्या गणितज्ञाने सांगितलं की त्याला ६४१ ने पूर्ण भाग जातो : ६४१ × ६७००४१७. फेर्मा आपटला. आणि त्यानंतर आजपर्यंत माळेतला एकही पुढचा मणी मूळ निघालेला नाही. ह्या माळेतल्या मूळ संख्यांना फेर्मा मूळ संख्या म्हणतात. म्हणजे माहीत असलेल्या सगळ्या फेर्मा मूळ संख्यांचा गुणाकार = ४२९४९६७२९५. बरोब्बर तुमचा आकडा, ना एक कमी ना एक जास्त. ह्याला कुठलंही सूत्र नाही.

रोमातला_रमाकांत :
सहा वर्षांत पहिल्यांदा रोमातून (म्हणजे नुसतं वाचत बसण्यातून) बाहेर आलो. दंडवत. ६४१ ऑयलरने शोधला कसा? तीनपासून एकेका मूळ संख्येने भागत बसला का?

निवृत्त_फळा :
नाही हो. त्यानेच पुढे सिद्ध केलं की ह्या आकड्याला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती ६४ च्या पटीत एक मिळवून येणारी असली पाहिजे. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच दाराला घर लागलं.

आणि ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता दाखवता येतं. दहावीच्या हुशार पोरांना मी हे शेवटच्या तासाला दाखवायचो, बघा जमतंय का. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणजे ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घ्या, ६२५ × २^२८ ची बाकी १. आता ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणून ६२५ च्या जागी −१६ लिहिलं तरी बाकी बदलत नाही. −१६ × २^२८ म्हणजे −२^३२. त्याची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी ०. झालं. चार ओळी.

रोमातला_रमाकांत :
दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा कागदावर केलं, आणि आलं! ऑफिसात कोणाला सांगावं कळत नाहीये.

चहाकट :
सांगू नका, इन्क्रिमेंट जाईल.

लाइनेकाठची :
ह्या आकड्याची माझी लाडकी गोष्ट भूमितीतली आहे. कंपासपेटीतली फक्त पट्टी आणि कंपास वापरून (पट्टीवरचे आकडे बघायचे नाहीत) समभुज त्रिकोण निघतो, चौरस निघतो, नियमित पंचकोन निघतो, षट्कोन निघतो. सप्तकोन निघत नाही. ग्रीकांपासून सगळे इथेच अडकले होते. १७९६ च्या मार्चमध्ये, एकोणीस पूर्ण व्हायला महिना असताना गाऊस ह्या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की १७ बाजूंचा नियमित बहुभुज निघतो, आणि मग पूर्ण नियमच मांडला. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फेर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, एकही मूळ संख्या दोनदा नको. उलट बाजूची सिद्धता, म्हणजे बाकीचे निघूच शकत नाहीत हे, वाँत्सेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये पूर्ण केलं.

आता माहीत असलेल्या फेर्मा मूळ संख्या पाचच. त्यांचे वेगवेगळे गुणाकार ३१. त्यातला सगळ्यात मोठा कुठला? अर्थात ४२९४९६७२९५. पट्टी-कंपासने काढता येणारा, विषम बाजूंचा, आपल्याला माहीत असलेला सगळ्यात मोठा नियमित बहुभुज एवढ्या बाजूंचा आहे.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला गाऊसचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यावर १७ टोकांची चांदणी कोरलीय. चांदणी का, तर १७ बाजूंचा बहुभुज कोरला असता तर लोकांना तो गोलच वाटला असता. मी तिथे गेले तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या कोणाचं लक्ष पण गेलं नाही, सगळे पुतळ्यासोबत सेल्फी काढत होते, मी एकटीच खाली वाकून टोकं मोजतेय.

उगाच_शंका :
१७ चा गोल वाटतो, तर चार अब्जचा काय वाटेल? काढणार कशावर?

निवृत्त_फळा :
मी हिशेब केला आत्ता, राहवलं नाही. पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढं वर्तुळ घ्या, घेर ४०,०७५ किलोमीटर. त्यात हा बहुभुज बसवला तर एकेक बाजू येते सव्वानऊ मिलिमीटरच्या थोडी वर. करंगळीच्या नखाएवढी. आणि वर्तुळाची कड आणि त्या बाजूचा मध्य ह्यांच्यात अंतर किती? बाजूचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. साधारण १.७ गुणिले १०^−१२ मीटर. एका अणूची रुंदी ह्याच्या पन्नास-साठ पट असते. म्हणजे पृथ्वीएवढ्या आकारातसुद्धा हा बहुभुज वर्तुळापासून कुठेही अणूभर पण सुटत नाही.

आणि तरीही तत्त्वतः तो पट्टी-कंपासने निघतो, सात बाजूंचा मात्र निघत नाही. काय म्हणायचं ह्याला.

स्लो_लोकल :
ज्याने ६५५३७ बाजूंचा काढायची पद्धत लिहिली त्याबद्दल कोणी बोललं नाही अजून? हेर्मेस नावाचा जर्मन शिक्षक, दहा वर्षं त्यात घातली, १८९४ ला काम पुरं केलं आणि ते हस्तलिखित पेटीत भरून गोटिंगेनला ठेवलंय. दहा वर्षं! आमच्या सोसायटीची लिफ्ट पण एवढ्यात बसली.

ठिपक्यांची_मावशी :
मला गणितातलं ओ की ठो कळत नाही पण सप्तकोनाचं वाचून थांबले. मी संस्कारभारती पद्धतीची रांगोळी काढते, मोठी, दोरी आणि खडू घेऊन. सहा पाकळ्या, आठ पाकळ्या, बारा पाकळ्या झटक्यात येतात. पाच पण जमतात. सातची मागणी आली की दरवेळी शेवटची पाकळी जाड किंवा बारीक होते, मला वाटायचं माझाच हात हलतो. म्हणजे ते मुळातच निघत नाही असं म्हणताय? आणि नऊचं काय? नवरात्रात नऊ लागतात.

निवृत्त_फळा :
मावशी, हात अजिबात हलत नाही तुमचा. सात निघत नाही कारण ७ ही मूळ आहे पण फेर्मा माळेतली नाही. नऊ निघत नाही कारण ९ = ३ × ३, तीन दोनदा आला. अगदी काटेकोर म्हणाल तर दोन्ही अशक्य.

पण रांगोळीपुरता जुना तोडगा आहे. दोरीने वर्तुळ काढा. तीच दोरी घेऊन घेरावर सहा खुणा करा, त्या तुम्हाला येतातच. एकाआड एक तीन खुणा जोडल्या की मोठा त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाच्या एका बाजूची बरोबर निम्मी लांबी दोरीवर मापा. तीच सातची बाजू! खरी बाजू त्रिज्येच्या ०.८६७८ पट हवी, ही ०.८६६० पट येते. ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या रांगोळीत सात वेळा फिरून आल्यावर जेमतेम आठ मिलिमीटर फट राहील, ती सातही पाकळ्यांत वाटून टाकलीत तर ब्रह्मदेवालाही दिसणार नाही.

ठिपक्यांची_मावशी :
करून बघितलं अंगणात. सर, तुमच्या पायाचा फोटो टाका, नमस्कार करायचाय! सात पाकळ्या अश्शा बसल्यात. इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नाही. नऊचा पण तोडगा असेल तर वेगळा धागा काढा.

चहाकट :
आता १७ पाकळ्यांची ऑर्डर घ्या मावशी, ती निघते. फक्त दसऱ्याला सुरू केलीत तर दिवाळीला होईल. (हघ्या, म्हणजे हलके घ्या)

निफाडचा_वारा :
बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार. पूर्ण पटाचा आकडा सगळे सांगतात, अर्ध्या पटाचा कोणी सांगत नाही. पहिल्या ३२ घरांतले दाणे मिळवले की होतात ४२९४९६७२९५. हाच आकडा.

आता शेतकऱ्याच्या हिशेबाने बघू. चांगल्या भरलेल्या गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अर्धा पट भरायला साधारण १७२ टन, १७१८ क्विंटल, ५० किलोची साडेतीन हजारला थोडी कमी पोती. राजा हसत हसत देईल, एखादा बरा व्यापारी पण एका हंगामात एवढा माल फिरवतो. इथपर्यंत मागणी खरंच किरकोळ वाटते.

पण उरलेली ३२ घरं भरायला घेतली की पूर्ण पटाचे होतात सुमारे ७३८ अब्ज टन. आपल्या आख्ख्या देशाचं वर्षाचं गव्हाचं पीक ११ कोटी टनांच्या आसपास. साडेसहा हजार वर्षांचं पीक. राजा फसला तो दुसऱ्या अर्ध्यात. पहिल्या अर्ध्यात तो फक्त उदार दिसत होता.

बिट_बिघडलाय :
वा. ह्याला म्हणतात प्रतिसाद. आणि पूर्ण पट म्हणजे २^६४ − १, हल्लीच्या मशीनचा ६४ खणांचा कमाल आकडा. ३२ वरून ६४ वर गेलो तेव्हा नेमकं हेच झालं, जागा दुप्पट आणि आकडा कुठल्या कुठे.

३२ खणांचे घोटाळे सांगतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मशीन चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक काउंटर होता, ३२ खणांचा. ४२९४९६७२९५ मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस १७ तास २ मिनिटं आणि ४७ सेकंद. तेवढा वेळ मशीन सलग चालू ठेवलं तर काउंटर परत शून्यावर आणि मशीन हँग. पण बग उशिरा सापडला कारण त्या काळात विंडोज सलग ४९ दिवस चालवून दाखवणारा माणूस मिळणं मुश्किल :)

दुसरं, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारी जी घड्याळं ह्या पूर्ण ३२ खणांवर, म्हणजे उणे बाजू न ठेवता चालतात, ती ७ फेब्रुवारी २१०६ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं १५ सेकंदांनी भरतील. उणे बाजू ठेवणारी १९ जानेवारी २०३८ लाच भरतात. जुन्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी रजा टाकून ठेवा.

स्लो_लोकल :
हे वाचून आत्ता ट्यूब पेटली. बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ फाईल पेन ड्राईव्हवर जाईना. ड्राईव्ह १६ जीबीचा, पूर्ण रिकामा, फाईल साडेचार जीबीची, आणि मशीन म्हणतंय फाईल मोठी आहे. शूटिंगवाला म्हणाला तुमचा पेन ड्राईव्ह डुप्लिकेट आहे, मी दुकानदाराशी भांडून आलो. तो ह्याच आकड्याचा प्रताप का?

बिट_बिघडलाय :
शंभर टक्के. ड्राईव्ह फॅट३२ (फाईली साठवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात फाईलचा आकार लिहायला ३२ खणच आहेत, म्हणून एका फाईलची कमाल मर्यादा ४२९४९६७२९५ बाईट. एक बाईट जास्त झाला तरी नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, जाईल. आणि दुकानदाराला चहा पाजा.

लग्नात सप्तपदी झाल्यावरच फाईल कापली गेली असती तर नवल नाही, सात हा आकडाच वाईट दिसतोय ह्या धाग्यावर.

निफाडचा_वारा :
गणिताचा धागा आणि आपल्या गणिती कापरेकरांचं नाव नाही? देवळाली आमच्या जिल्ह्यातली, तिथे शाळेत शिकवता शिकवता ६१७४ हा कापरेकर स्थिरांक शोधला त्यांनी. त्यांनीच हर्षद संख्या मांडल्या, म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. ह्या आकड्याला लावून बघा कोणीतरी.

निवृत्त_फळा :
लावू. अंकांची बेरीज ५७ = ३ × १९. आकड्याचे मूळ अवयव पाचच, त्यात १९ नाही, म्हणून हर्षद नाही. शेजारचा ४२९४९६७२९६? बेरीज ५८ = २ × २९. तो तर नुसता २ चा घात, त्यात २९ कुठून येणार. तोही नाही. पलीकडचा ४२९४९६७२९७? बेरीज ५९, अवयव ६४१ आणि ६७००४१७, दोन्ही मूळ. तिन्ही भावंडं नापास.

उगाच_शंका :
बघा, म्हणजे सगळ्या परीक्षांत पहिला नाही येत. बरं वाटलं.

पण मुद्द्यावर येतो. मी वर कौतुक कशासाठी विचारलं होतं, त्यावर विचार केला. इथे दोन प्रकारच्या गोष्टींची सरमिसळ चाललीय. पेन ड्राईव्ह, विंडोज, गहू, ह्यात आकड्याचं स्वतःचं काही कर्तृत्व नाही. इंजिनिअरांनी ३२ ऐवजी ३० खण घेतले असते तर हेच सगळं दुसऱ्या आकड्याबद्दल लिहिलं असतं. हर्षद वगैरे तर दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून. बहुभुजाची गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, खरीच राहते. त्यामुळे तेवढ्यापुरता मी हार घालायला तयार आहे. अजून असं काही आहे का, जे आपण आकडा कसा लिहितो किंवा कशासाठी वापरतो ह्यावर अवलंबून नाही?

लाइनेकाठची :
शंका, हा धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

आहे. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यापर्यंतच्या अशा संख्या मोजा ज्यांच्यात आणि तिच्यात १ सोडून सामाईक अवयव नाही. ह्या मोजणीला ऑयलरचं फाय म्हणतात. मूळ अवयव सगळे वेगवेगळे असतील तर प्रत्येकातून १ वजा करून गुणायचं. आपल्या आकड्यासाठी : २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ = २१४७४८३६४८, म्हणजे २^३१. आता शेजारचा ४२९४९६७२९६ घ्या. तो २ चा घात, त्याच्याशी सामाईक अवयव नसलेल्या म्हणजे सगळ्या विषम संख्या, बरोबर निम्म्या. २१४७४८३६४८. दोन्ही शेजाऱ्यांची मोजणी तंतोतंत सारखी!

हेच १ आणि २ मध्ये होतं, ३ आणि ४ मध्ये, १५ आणि १६, २५५ आणि २५६, ६५५३५ आणि ६५५३६. मग आपली जोडी. आणि पुढची जोडी, निफाडच्या काकांचा पूर्ण बुद्धिबळाचा पट आणि त्याच्या पुढचा आकडा, तिथे गणित फसतं. कारण पूर्ण पट म्हणजे आपला आकडा गुणिले ४२९४९६७२९७, त्यामुळे त्यात ६४१ आणि ६७००४१७ घुसतात, ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०, हे २^३२ पेक्षा कमी भरतं. ऑयलरने फेर्माचा मणी फोडला त्याचा तडा इथे दिसतो. साखळी आपल्या आकड्यावर संपते.

निवृत्त_फळा :
सुंदर. मी एक चित्र जोडतो. मेरुप्रस्तार (हल्ली पास्कलचा त्रिकोण म्हणतात, कडेला १ आणि आतला प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज) लिहा, विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० ठेवा, आणि प्रत्येक ओळ बायनरीत (फक्त ० आणि १ च्या पद्धतीत) वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१. म्हणजे १, ३, ५, १५, १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७. पहिली १ सोडली तर हे सगळे पट्टी-कंपासने निघणारे विषम बहुभुज, चढत्या क्रमाने! बत्तिसावी ओळ म्हणजे बत्तीस वेळा १, म्हणजे खातेवहींचा आकडा, आणि तिथे यादी संपते. तेहेतिसावी ओळ ४२९४९६७२९७, तो बहुभुज निघत नाही. मी सोळा ओळी हाताने केल्यात, पुढच्या नातवाकडून करून घेणार.

उगाच_शंका :
हार घातला. नारळ पण फोडला.

खातेवही :
सगळ्यांचे आभार, धागा काढला तेव्हा वाटलं होतं दोन प्रतिसाद येतील आणि तळाला जाईल. भाच्याला सगळं वाचायला लावलं, तो बहुभुजापाशी गप्प झाला. त्याचा एक प्रश्न आहे, मला काही उत्तर देता आलं नाही : कॉलेजात एन्क्रिप्शनच्या तासाला ६५५३७ पाठ करायला लावला होता, तो हाच का?

बिट_बिघडलाय :
हाच. बँकेची साईट उघडता तेव्हा जे कुलूप दिसतं त्यामागे आरएसए (एन्क्रिप्शनची एक पद्धत) असेल तर चावीच्या सार्वजनिक भागात बहुतेक ठिकाणी ६५५३७ बसलेला असतो. मूळ आहे, पुरेसा मोठा आहे, आणि बायनरीत लिहिला तर एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला १, मध्ये सगळे शून्य. त्यामुळे मशीनला घात काढायला फार गुणाकार करावे लागत नाहीत.

रोमातला_रमाकांत :
शेवटचा प्रश्न विचारतो आणि परत रोमात जातो. सहावी फेर्मा मूळ संख्या सापडली तर हा आकडा पदावरून जाईल ना? कोणी शोधतंय का?

लाइनेकाठची :
जाईल, आणि बहुभुजाचा विक्रमही जाईल. शोध चालू आहे. पहिल्या मण्याला शून्य क्रमांक दिला तर ५ ते ३२ क्रमांकाचे सगळे मणी संयुक्त आहेत हे नक्की झालंय. त्यातल्या २० आणि २४ ची तर मजाच आहे, ते संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय पण त्यांचा एकही अवयव अजून कोणाला माहीत नाही! २४ ची तपासणी १९९९ मध्ये झाली. ३३ वा मूळ आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, तो नुसता लिहायचा म्हटला तर २५८ कोटींहून जास्त अंक होतात. बहुतेक गणितज्ञांना वाटतं की सहावी नाहीच, पण सिद्धता कोणाकडे नाही.

चहाकट :
२५८ कोटी अंक, पानाला तीन हजार धरले तर साडेआठ लाख पानं. आप्पा बळवंत चौकात पाठपोट झेरॉक्सचा रेट काय चाललाय सध्या?

खातेवही :
मोठी ऑर्डर असेल तर घासाघीस करतात. पण बिल परसेंट डी मध्येच घ्या.